बारावं ठाणं

नदीमोजणीच्या कार्यालयात चार खोल्या होत्या. एकीत साहेब, दुसरीत कारकून आणि कपाटं, तिसरीत मोजणीकाका आणि त्यांच्या वह्या, आणि चौथीत एक जुना विंडोज संगणक. त्याच्यासाठी पंखा कायम चालू ठेवावा लागे. त्या चौथ्या खोलीत बसणाऱ्या बाईचं खरं नाव हजेरीपटावर होतं. बाकी सगळे तिला संगणकबाईच म्हणायचे. आधी तिला राग यायचा. मग सवय झाली, आणि आता तर फोन उचलल्यावर ती स्वतःच "संगणकबाई बोलतेय" म्हणून मोकळी व्हायची.

नदीवर त्यांची अकरा ठाणी होती. पहिलं उगमाजवळ, शेवटचं शहरातल्या पुलाखाली. प्रत्येक ठाण्यावर एक पेटी. ती दर पंधरा मिनिटांनी तीन आकडे रेडिओवरून पाठवायची: पाण्याची पातळी, पाण्याचं तापमान आणि बॅटरीची ताकद. ते आकडे पकडणारं यंत्र जुन्या संगणकाला जोडलेलं होतं, आणि ते विंडोजखेरीज कशावरच चालत नव्हतं. आकडे साठवणारा प्रोग्रॅम ज्या कंपनीचा होता तिने कधीच गाशा गुंडाळला होता. पुढच्या एक तारखेला त्याचा परवाना संपणार होता. त्यानंतर नदी वाढली काय नि आटली काय, कार्यालयाला कळलं नसतं.

संगणकबाईने आकडे साठवणारा एक मुक्त सर्व्हर शोधून काढला. जगभरातले नदीवाले तो वापरत होते. त्याची प्रत्येक ओळ उघड्यावर होती. कुणीही वाचावी, कुणीही बदलावी. गोम एकच होती. सगळे तो लिनक्सवर चालवत. विंडोजसाठी तयार प्रोग्रॅम कुणी करून ठेवलेलाच नव्हता. माहितीपत्रकात तळाशी एवढंच लिहिलं होतं: विंडोजवर चालतो असं ऐकलं आहे, स्वतः बांधून घ्यावा.

"बांधून घ्यावा म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"म्हणजे मूळ ओळी उतरवून घ्यायच्या, कंपायलरला द्यायच्या आणि यंत्राला कळेल असा प्रोग्रॅम त्यातून काढायचा."

"किती दिवस?"

"एक."

तीन लागले. सोमवारी कंपायलर बसवण्यातच दिवस गेला. मंगळवारी कळलं की ज्या फोल्डरमध्ये सगळं ठेवलंय त्याच्या नावात मधे मोकळी जागा आहे, आणि कंपायलर तिथे येऊन नाव अर्धवट तोडतोय. मग तिरक्या रेघा आल्या. लिनक्सवाले ज्या बाजूला झुकलेली रेघ काढतात, विंडोजवाले नेमकी त्याच्या उलट. बुधवारी माहिती संकेतबद्ध करणारी लायब्ररी सापडली ती बत्तीस बिटची, हवी होती चौसष्ट बिटची. ती बदलली आणि अखेर प्रोग्रॅम तयार झाला, तर विषाणूरोधकाने त्या नवजात फाईलला चोर समजून कोंडून ठेवलं. संगणकबाईने डोक्याला हात लावला.

गुरुवारी सकाळी तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पडद्यावरून फाईलींची नावं सरसर वर जात होती, एक हजार एकशे चाळीस. शेवटी ओळ आली: चुका शून्य. तिने खुर्ची मागे सरकवून दोन्ही हात डोक्यामागे ताणले. मग सर्व्हर सेवा म्हणून नोंदवला, म्हणजे संगणकाबरोबर तो आपोआप चालू होईल. फायरवॉलने परवानगी विचारली, ती दिली. बरोबर अकरा वाजता सेवा सुरू झाली.

सव्वा अकराला आकडे आले. एक, दोन, तीन. एकेक ओळ हिरवी होत गेली. अकरावी हिरवी झाली तेव्हा तिने टाळी वाजवली.

तिच्याखाली बारावी ओळ उमटली.

ठाणं बारा. नाव कोरं. अंतर तीनशे दहा. तापमान एकवीस पूर्णांक चार. बॅटरी कोरी.

ती हसली. मोजणी शून्यापासून करायची की एकापासून, यात प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची हमखास गफलत होते. तिने ती जागा उघडून वाचली. गफलत नव्हती. साडेअकराला अकरा ओळी आल्या आणि बारावीही आली. तीनशे नऊ. पावणेबाराला तीनशे आठ.

दुपारभर ती मूळ ओळी वाचत राहिली. चाचणीसाठी कुणी खोटं ठाणं पेरून ठेवलंय का, हे तिने शोधून पाहिलं. काही नव्हतं. प्रोग्रॅमची देखभाल करणारा माणूस दूर कुठल्यातरी देशात होता. त्याला तिने पत्र टाकलं. संध्याकाळी निघता निघता उत्तर आलं. त्याने लिहिलं होतं, हा सर्व्हर स्वतःहून काहीच बनवत नाही. जे येतं तेच लिहून ठेवतो.

शुक्रवारी सकाळी तिने मोजणीकाकांना बोलावलं. काका महिनाअखेर निवृत्त होणार होते. पेट्या यायच्या आधी पंधरा वर्षं त्यांनी नदीकाठच्या पट्ट्या स्वतः पायी हिंडून वाचल्या होत्या. पडद्यावर तेव्हा दोनशे बावीस होतं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याजवळ तोंड नेऊन सगळी रांग वाचली.

"बाकी अकरा ठिकाणी पातळी लिहिलीय," ते म्हणाले. "इथे अंतर का?"

"ठाणं किती उंचीवर बसवलंय ते आपण भरून ठेवतो ना, त्यावरून पातळी निघते. बाराव्याची उंची कुणी भरलेलीच नाही. म्हणून नुसतं आलेलं अंतर दिसतंय."

काकांनी दोनशे बावीसवर बोट टेकवलं. "पोरी, आपली पेटी पाणी मोजत नाही. ती वर टांगलेली असते आणि खाली बघते. ती मोजते, माझ्यापासून पाणी किती लांब आहे."

"हो."

"मग हे तीनशे दहा मीटरवर होतं. आता दोनशे बावीसवर आहे."

"म्हणजे पाणी वर येतंय?"

"पाणी तर जागच्या जागी आहे. पुलाखालची पेटी सांगतेच आहे की." काकांनी चष्मा खाली घेतला. "बघणारं खाली येतंय."

दोघंही उगाचच खिडकीबाहेर बघू लागली. आकाश निरभ्र होतं.

काकांनीच मग सांगितलं की बारावं ठाणं कागदावर होतं. वीस वर्षांपूर्वी मंजूर झालं, पुलाच्या खालच्या अंगाला, फेरीच्या नावेच्या धक्क्याजवळ. सिमेंटचा खांबही उभा केला. पेटी मात्र कधी बसलीच नाही.

त्या दिवशी संगणकबाई घरी गेली ती लॅपटॉप काखेत मारूनच. घरी वडील होते, दोघंच राहत. वडिलांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती आणि आता ते बुद्धिबळ खेळत. नदीपलीकडे त्यांचा एक जुना मित्र होता. दर रविवारी साडेचारच्या नावेने ते त्याच्याकडे जायचे आणि हरून यायचे.

"काय गं, जेवायचं की या डब्याकडेच बघत बसायचं?"

"पाच मिनिटं, बाबा."

तिने लॅपटॉपचं वायफाय बंद केलं. तारा काढल्या. रेडिओचं यंत्र तर त्याला कधी जोडलेलंच नव्हतं. मूळ ओळी पुन्हा कोऱ्या घेतल्या आणि पुन्हा कंपायलरला दिल्या. फाईली मोजल्या, तेवढ्याच भरल्या. चुका शून्य. सेवा सुरू केली. पडदा रिकामा राहिला, तसाच राहायला हवा होता. त्या लॅपटॉपला जगातलं काहीच ऐकू येत नव्हतं.

सव्वासातला एक ओळ आली.

ठाणं बारा. अंतर एकशे ब्याऐंशी.

अंगावर काटा आला, पण भीती अशी वाटली नाही. नंतर काकांना सांगताना तिला शब्द सापडेना. लहानपणी एकदा वडिलांनी तिला घंटाघराच्या आत नेलं होतं आणि मोठा लंबक अंधारातून तिच्याकडे येताना तिने पाहिला होता. तसं काहीसं, ती म्हणाली. आपल्यासाठी येत नसतो तो. पण येतो.

शनिवारी सकाळी काका धक्क्यावर गेले, हातात जुना तापमापक आणि खिशात फोन. संगणकबाई चौथ्या खोलीत.

"पाण्यात सोडलाय," काका फोनवर म्हणाले. "बोल, तुझ्याकडे किती?"

"सव्वादहा होऊ देत." मग ओळ आली. "एकशे बावीस. तापमान एकवीस पूर्णांक सहा."

"माझ्याकडेही सहा. थांब, आता खांबाच्या सावलीत धरतो."

साडेदहा. "एकवीस पूर्णांक दोन," ती म्हणाली.

पलीकडे तापमापक पाण्यातून काढल्याचा आवाज आला.

"काका?"

"दोन," काका म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "मी जिथे धरतोय, तिथलंच सांगतंय गं ते."

तिने कागद ओढून हिशेब मांडला. पंधरा मिनिटांना एक मीटर. रविवारी दुपारी पावणेपाचला शून्य. साडेचारला सुटणारी नाव पावणेपाचला नदीच्या ऐन मध्यावर असते, हे तिला कुणी सांगायला नको होतं. दर रविवारी ती गच्चीवरून वडिलांची टोपी त्या नावेत शोधायची.

साहेब शनिवारी अर्ध्या दिवसाने निघायच्या बेतात होते. ती दारातच उभी राहिली.

"उद्या चार ते सहा फेरी बंद ठेवायचं पत्र हवंय, साहेब."

"फेरी? कारण काय लिहू?"

"उपकरणाची चाचणी."

"कुठल्या उपकरणाची?"

"बाराव्या ठाण्याच्या."

"आपल्याकडे बारावं ठाणं आहे?"

"कागदावर आहे."

साहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. ही बाई अकरा वर्षांत एकदाही खोटं बोलली नव्हती, आणि आत्ताही ती खोटं बोलत नव्हती. ते कसं काय, एवढंच त्यांना समजत नव्हतं. "काही झालं नाही तर लोक मला फाडून खातील," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

वडिलांना समजावणं त्याहून अवघड गेलं.

"रविवारचा डाव चुकवायला मी काय मेलोय?"

"नाव सहाला सुटेल बाबा. सहाला जा."

"सहाला जाऊन मी काय करू? तो सातला झोपतो."

"माझ्यासाठी," ती म्हणाली. असं ती कधी बोलत नसे. वडिलांनी टोपी खुंटीला अडकवली, पुन्हा काढली आणि म्हणाले, "मग मीही येतो धक्क्यावर. काय ते बघू दे तरी."

रविवारी चार वाजता धक्क्यावर सतरा-अठरा माणसं खोळंबली होती. नावाडी पत्र हातात घेऊन तणतणत होता. "इंजिन चालू, नदी शांत, वारा नाही. आणि म्हणे चाचणी! कसली चाचणी? दिसत तर काहीच नाहीये."

"पाचला सोडा हवं तर," संगणकबाई म्हणाली. तिच्या मांडीवर लॅपटॉप होता. पडद्यावर तीन.

सव्वाचारला दोन.

साडेचारला नावाड्याने सवयीने घंटा वाजवली आणि स्वतःच वरमला. एक.

काका सिमेंटच्या खांबाला टेकून उभे होते. वही उघडी, पेन्सिल तयार.

चार चाळीसला पक्ष्यांचा एक थवा नदीच्या वरच्या अंगाने आला. तो नेहमीसारखा सरळ गेला नाही. पाण्याच्या मध्यावर येण्याआधी तो दुभंगला, दोन्ही बाजूंनी एक मोठं वळण घेतलं आणि पलीकडे जाऊन पुन्हा एक झाला. मधल्या मोकळ्या हवेला एकाही पंखाने शिवलं नाही.

"पाहिलंस?" वडील हळूच म्हणाले.

मग कानांना दडे बसले. भरभर खाली जाणाऱ्या लिफ्टमध्ये बसतात तसे. नावाडी काहीतरी म्हणत होता. त्याचे ओठ हलले, पण आवाज कापसातून यावा तसा आला.

नदीवरच्या लाटा निजल्या. आधी मध्यावरच्या, मग काठापर्यंतच्या. पाणी आरशासारखं झालं.

आणि मधोमध ते खाली गेलं.

भोवरा नव्हता. काही फिरत नव्हतं. एखाद्या मैदानाएवढा गोल, आणि त्या गोलातलं पाणी पुरुषभर खोल दबलेलं. उशीवर तळहात ठेवावा तसं. कडेचं पाणी त्या कडेवर तसंच उभं होतं. आत ओघळत नव्हतं. वरून येणारा नदीचा प्रवाह त्या गोलाला वळसा घालून पुढे जात होता.

वर आकाश होतं. निळं, स्वच्छ, रिकामं.

कुणी ओरडलं नाही. एका बाईने कडेवरच्या मुलाचं डोकं छातीशी धरलं, पण नजर हटवली नाही.

वडिलांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांचे डोळे भरून आले होते. "केवढं आहे गं," ते म्हणाले. "केवढं आहे."

संगणकबाईने पडद्याकडे पाहिलं. शून्य.

काकांच्या घड्याळाप्रमाणे सहा मिनिटं ते तसंच राहिलं. मग पाणी हळूहळू वर आलं. शिंतोडा नाही, आवाज नाही. एक लाट काठापर्यंत आली, सगळ्यांचे पाय ओले करून परत गेली. कान उघडले. इंजिनची धडधड इतक्या जोरात ऐकू आली की सगळेच दचकले.

नावाड्याने हातातल्या पत्राची बारीक घडी घातली आणि ते शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं. त्या दिवशी त्याने नाव सोडली नाही.

सोमवारी सकाळी त्यालाच ते पिंप सापडलं. नदीच्या मध्यावर नावेच्या वाटेची खूण म्हणून एक लोखंडी पिंप तरंगत असे. ते काठाला लागलं होतं. त्याची चकती झाली होती. ताटाएवढी जाड नाही, कागदाएवढी. आणि कुठेही सुरकुती नाही, चीर नाही. रंगसुद्धा उडाला नव्हता. संगणकबाईने ती चकती दोन्ही हातांनी उचलून पाहिली आणि नावेची लांबी किती असते, हे आठवायचं टाळलं.

वर्तमानपत्रात चार ओळी आल्या: नदीत भोवरा, कार्यालयाच्या दक्षतेमुळे अनर्थ टळला. साहेबांनी कात्रण काढून काचेखाली ठेवलं. धक्क्यावरच्या लोकांना विचारलं तर प्रत्येक जण निराळंच सांगे, आणि सांगता सांगता मध्येच थांबे. वडील पुढच्या रविवारी मित्राकडे गेले आणि पहिल्यांदाच डाव जिंकून आले. "त्याला सांगत होतो," ते म्हणाले, "सांगता येईना. तो माझ्याकडेच बघत बसला आणि वजीर घालवला."

सर्व्हर उत्तम चालला. एक तारखेला जुना प्रोग्रॅम बंद पडला तेव्हा कुणाला कळलंही नाही. अकरा ठाणी दर पंधरा मिनिटांनी येत होती.

बारावंही येत होतं.

शून्यानंतर उणे एक आलं होतं. मग उणे दोन. धक्क्यापाशी नदी नऊ मीटर खोल आहे. काकांनी स्वतः दोर सोडून मोजलेली. उणे नऊनंतर उणे दहा आलं. उणे पन्नास. उणे दोनशे. तोच वेग, पंधरा मिनिटांना एक मीटर. तिने कितीदा तरी ती सेवा बंद करायला हात नेला आणि तसाच मागे घेतला. बंद करून ते थांबणार नव्हतं.

काका निवृत्त झाले तरी त्यांचा फोन रोज सकाळी यायचा. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"कुठवर?"

"उणे आठशे छत्तीस, काका."

"बरं." आणि फोन बंद.

तेराव्या दिवशी आकडा थांबला. उणे एक हजार दोनशे चार. पुढच्या ओळीतही तेच. त्याच्या पुढच्या ओळीतही.

"थांबलंय," तिने सांगितलं.

"कधीपासून?"

"आज पहाटेपासून."

"आणि तापमान?"

तिने दुसऱ्या रकान्याकडे पाहिलं. इतके दिवस ती अंतरच बघत आली होती. तापमान रोज थोडं थोडं चढत गेलं होतं, आणि आकडा थांबला तेव्हा तेही थांबलं होतं. पहाटेपासूनच्या सगळ्या ओळींत एकच होतं.

"छत्तीस पूर्णांक नऊ."

फोनवर वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "हे काही पाण्याचं नाही गं. हे अंगाचं असतं."